खर्जाची जागा

एर्मिलेच्या बाजूने हिशेब मांडायचा तर तो अगदी सोपा होता. सासऱ्याने एकदा मान हलवली की अमेरिका. अमेरिका म्हणजे मोठ्या आगबोटीतली वेगळी खोली, जिला आतून कडी असते आणि जिच्या भिंतीपलीकडे सासूबाई खोकत नसतात. अमेरिका म्हणजे जाहिरातीवर, बायकोच्या नावाखाली का होईना, स्वतःचे नाव. आणि वरकड नफा असा, की लग्नाला सहा वर्षे होऊनही जो सासरा त्याच्याकडे चुकून बंदरात शिरलेल्या कोळशाच्या पडावाकडे बघावे तसा बघायचा, त्याला ‘हे मी जमवलं’ म्हणून सांगता येणार होते. खर्चाच्या रकान्यात त्याला काहीच दिसत नव्हते. एर्मिलेची हीच खोड. खर्चाचा रकाना तो नेहमी दुसऱ्याच्या नावावर टाकायचा.

अट घातली होती मस्य लाकोंबने. पॅरिसमधल्या मोठ्या सभागृहांचे कार्यक्रम ठरवणारा हा माणूस. त्याच्या पोटावरच्या घड्याळाच्या साखळीकडे बघून एर्मिले बोलायचा, डोळ्यांकडे बघून नाही. लाकोंब म्हणाला होता, तुम्ही तिघे उत्तम गाता. ब्रसेल्सपासून बर्लिनपर्यंत ‘उरुशाद्झे कुटुंब’ म्हटले की तिकिटांची खिडकी दुपारीच बंद होते. पण अमेरिकेत दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या बुडालेल्या राज्याचा राजपुत्र उतरतो आणि गाऊ लागतो. तिथे गाण्याबरोबर काहीतरी दाखवावे लागते. आणि तुमच्या घरात ते आहे, दह्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळते आहे.

ते म्हणजे कॅप्टन मलाकिया उरुशाद्झे. महायुद्धात ट्रेबिझोंदच्या किनाऱ्यावर दारूगोळ्याचे जहाज पेटले तेव्हा बाकीच्या बोटी पळत सुटल्या, आणि याने आपली टॉर्पेडो बोट त्या जळत्या जहाजाच्या कुशीला नेऊन भिडवली. माणसे उतरवली, दोर तोडले, मग ते जहाज फुटले. त्याबद्दल झारच्या नौदलाने संत जॉर्जचा पांढरा क्रॉस त्याच्या छातीवर लावला. लाकोंबला हवे होते इतकेच, की कॅप्टनने गणवेश घालून, क्रॉस लावून, दोन गाण्यांच्या मध्ये रंगमंचावर उभे राहायचे. गायचे नाही.

गायचे नाही, हे तर बरेच झाले. कारण कॅप्टन गातच नव्हता. आमच्या गुरिया प्रांतात, सुप्सा नदीच्या मुखाशी त्याच्या बापजाद्यांचे गाव, आणि त्या गावात त्याच्यासारखा खर्ज नव्हता. पण एकवीस साली देश हातचा गेल्यावर बातुमी बंदर सोडताना बोटीच्या कठड्याला धरून तो म्हणाला होता, ‘आता सुप्साच्या तोंडाशी नांगर टाकेन तेव्हाच गाईन.’ त्याला अकरा वर्षे झाली. एलपिदे आणि वार्देन ही मुले गाऊ लागली, नावाजली, जावई खर्जाला आला. कॅप्टन ऐकायचा आणि उठून बॉयलरवर जायचा.

गणवेश घालायला तो दोनदा ‘नाही’ म्हणाला होता. तिसऱ्यांदा विचारायला एर्मिलेने संत जॉर्जच्या सणाची पंगत निवडली. त्यात हुशारी होती. आमच्या टेबलावर पेल्यांचा एक म्होरक्या असतो, तामादा. त्याने बोलल्याशिवाय कोणी प्यायचे नाही. बोलून झाले की तो वाइनचे शिंग एखाद्याच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘अलाव्हेर्दी’. म्हणजे आता पुढचे बोलणे तुझे. ते शिंग नाकारणारा गुरियाचा माणूस अजून जन्मायचा आहे. भर पंगतीत, पाहुण्यासमोर, संताच्या दिवशी शिंग हातात दिले, की म्हातारा ‘नाही’ कसे म्हणेल?

हा अर्धा नियम झाला. उरलेला अर्धा एर्मिले विसरला. तो कुताइसी शहराच्या बाजारपेठेत वाढलेला. तिथे नियम अर्धेच पाळतात.

*

“वन्सं, आज एर्मिलेला काही बोलू नका हं.”

“मी कुठं काय बोलतेय? मी अक्रोड कुटतेय.” पेलागियाने मुसळ आणखी जोरात हाणले.

“तुम्ही त्याचं नाव घेऊन कुटताय.”

“त्यानं रस्सा चांगला होतो.”

कॅप्टनची बायको देस्पिने हसली, पण चुलीकडे तोंड करून. नणंदेने तिचा चेहरा आज फार वेळ बघायला नको होता. पेलागिया कॅप्टनची थोरली बहीण. लग्न केले नाही, धाकट्या भावाला वाढवले, आणि आता ते मोठेपण त्याच्या बायकोकडून रोज थोडे थोडे वसूल करायची.

“तो फ्रेंच कशाला येतोय ते मला ठाऊक आहे,” पेलागिया म्हणाली. “माझ्या भावाला अस्वलासारखं नाचवायला.”

“नाचवायला नाही. उभं करायला.”

“म्हणजे तुलाही ठाऊक आहे!”

देस्पिने भाकऱ्या उलटू लागली. मक्याच्या भाकऱ्यांना तेव्हा उलटायची काहीच गरज नव्हती.

तिला जे ठाऊक होते ते याहून बरेच जास्त होते. माडीवर तिच्या पलंगाखाली पुठ्ठ्याची एक लांब पेटी होती, आणि त्या पेटीतल्या कोटाची मापे तिनेच दिली होती. मापे घ्यायला तिला फीत लागली नाही. कॉन्स्टँटिनोपलला पहिल्या हिवाळ्यात पोरे कुडकुडत होती, तेव्हा तिने नवऱ्याचा गणवेश जमिनीवर पसरला आणि कात्री चालवली. त्याच्या पाठीतून वार्देनचा कोट निघाला, उरलेल्या कापडातून एलपिदेचा झगा. तेच कपडे घालून ती दोघे एका ग्रीकाच्या खानावळीत पहिल्यांदा गायली आणि घरात पहिल्यांदा पोटभर जेवण आले. कॅप्टनने तेव्हा कात्रीला हरकत घेतली नाही. उलट कापड ताणून धरले. पण त्या दिवसापासून तो देस्पिनेला जरा बुटका वाटू लागला होता, आणि एर्मिले येऊन म्हणाला, ‘आई, त्यांना पुन्हा एकदा तसं बघावंसं नाही वाटत?’ तेव्हा तिच्या तोंडून मापे आपोआप बाहेर पडली.

“कोण होणार आज तामादा?” तिने विषय बदलला.

“थोरल्यानं नाव सुचवायचं असतं. म्हणजे मीच.” पेलागियाने मुसळ थांबवले. “मी एर्मिलेचं सुचवणार.”

“एर्मिलेचं? तुम्ही?”

“तामादाला प्रत्येक पेला तळापर्यंत प्यावा लागतो. तुझ्या जावयाला तिसऱ्या पेल्यालाच टेबलाचे चार पाय आठ दिसतात. मग करू दे बोलणी त्या फ्रेंचाशी.”

आणि तिने पुन्हा अक्रोड घेतले. एर्मिले तामादा व्हायला सकाळपासून तळमळत होता आणि कोणाकडून नाव सुचवून घ्यावे या विवंचनेत होता, हे तिला कोण सांगणार? शत्रूने फुकट केलेल्या उपकाराला आमच्यात पावती मागत नाहीत.

*

परसात सफरचंदाच्या झाडाखाली कॅप्टन टेबल सरळ करत होता. टेबल म्हणजे दोन जुनी दारे, लाकडी घोड्यांवर टाकलेली. मधोमध त्याने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता आणि पाणी ज्या बाजूला कलेल तिकडच्या पायाखाली पाचर ठोकत होता. नोव्हेंबर असूनही ऊन होते.

“बाबा, पुरे. जेवायचंय, जहाज हाकायचं नाहीये.”

“टेबल कललं की माणसं भांडतात.”

“आपल्याकडे माणसं सपाट टेबलावरही भांडतात.” एलपिदेने पेला उचलला आणि पाणी झाडाला ओतले. मग ती दाराच्या कडेवर बसली, लहानपणी बसायची तशी. “बाबा, आज विचारतील. तुम्ही नाही म्हणा. मला राग येणार नाही.”

“हे तू फारच जोरात सांगतेस.”

“बरं, राग येईल. दोन दिवस. मग जाईल.”

कॅप्टनने तिच्याकडे पाहिले. ही त्याची पोरगी असा सूर लावायची, की आमच्या डोंगरात तो फक्त बाप्यांनी लावायचा असे म्हातारे मानत. पहाटेच्या कोंबड्याने गाणे शिकावे तसा उंच, तुटक, गिरक्या घेणारा. पॅरिसातल्या आमच्या लोकांनी आधी नाके मुरडली होती. आता तेच लोक तिची तबकडी पाहुण्यांना ऐकवतात आणि ‘आमची एलपिदे’ म्हणतात.

“किती वर्षं राहील हा सूर?” त्याने विचारले.

“कोण सांगणार? आत्या म्हणते, मूल झालं की जातो.”

“अक्का गाण्यातलं सांगते की मुलांतलं?”

“दोन्हीतलं तिला सारखंच ठाऊक आहे.” ती हसली. “अमेरिकेत एकदा गायला मिळालं असतं ना, बाबा, तर मग गेला तरी...” तिने वाक्य सोडून दिले आणि दारावरून उतरली. “जाऊ दे. तुम्ही पाचर मारा.”

कॅप्टन पाचर हातात घेऊन उभा राहिला. क्रॉसचा त्याला तिटकारा नव्हता. अभिमान होता, चांगला घसघशीत. पण तो क्रॉस त्याला एकदा मिळाला होता, धुरात, भुवया जळालेल्या असताना. रोज रात्री आठ वाजता तो पुन्हा मिळवायचा, आणि तोही नुसते उभे राहून, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हते.

*

पंगत बसली. लाकोंबला मानाच्या जागी बसवले. पेलागियाने ठरल्याप्रमाणे एर्मिलेचे नाव सुचवले. एर्मिलेने नको नको म्हणत तामादेपण इतक्या चटकन घेतले, की तिच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. वार्देनकडे वाइन ओतायचे काम आले. घरातला धाकटा, जिभेने तिखट. बहिणीवर त्याचा जीव, मेहुण्यावर दात.

“जावईबापू, पेला मोठा देऊ की तुमच्या मापाचा?”

“मोठा दे. आज मोठा दिवस आहे.”

“मग कोणीतरी त्यांच्यामागे गादी टाका.”

पहिला पेला देवाचा झाला, दुसरा संत जॉर्जचा, तिसरा मागे राहिलेल्या मातीचा. तिसऱ्याला कोणी काही बोलले नाही. भाकरीच्या तुकड्यावर वाइन शिंपडली आणि मान खाली घातली. एर्मिले अजून ताठ होता. पेलागियाने निरखून पाहिले: चढू नये म्हणून तो प्रत्येक पेल्यामागे लोण्याचा गोळा गिळत होता. हलकट, तिला वाटले, आणि पहिल्यांदाच त्याच्याबद्दल किंचित आदरही वाटला.

चौथ्या पेल्याला एर्मिले उठला. बोलायला मात्र त्याला खरेच येत होते.

“हा पेला त्या माणसाचा,” तो म्हणाला, “ज्याच्या नावावर आम्ही भाकरी खातो. आम्ही तिघं गातो, लोक टाळ्या वाजवतात. पण टाळ्या आडनावाला असतात. आणि ते आडनाव आगीच्या शेजारी बोट उभी करून मिळवलंय. आम्ही नुसता त्याचा सूर लावतो.” एलपिदे पाहुण्याला हे फ्रेंचमधून सांगत होती. “म्हणून आज मी या टेबलाच्या वतीनं एक वस्तू आणलीय.”

त्याने सासूकडे पाहिले. देस्पिने उठली, आत गेली आणि ती लांब पेटी घेऊन आली. पेलागियाने भावजयीकडे असे पाहिले, की ती नजर रश्शात पडली असती तर रस्सा फाटला असता.

पेटीतून कोट निघाला. गर्द निळा, सोनेरी बटणांचा, खांद्यांवर झळाळत्या पट्ट्या. आणि छातीवर पांढरा क्रॉस, खरा. देस्पिनेच्या बटणांच्या डब्यातून काढून लावलेला. लाकोंब टाळी वाजवून उभा राहिला आणि भडाभडा फ्रेंच बोलू लागला.

“काय म्हणतोय?” पेलागियाने विचारले.

 एलपिदेला कोटाचे ठाऊक नव्हते. नवऱ्याने तिला सांगितले नव्हते, आईनेही नाही. तिचे कान लाल झाले होते.

“एलपिदे, सांग ना,” एर्मिले म्हणाला. “ते म्हणतायत, आजच कागद करू. बाबा हा कोट घालून उभे राहिले की आजच.”

“तूच सांग,” ती म्हणाली. “मी नाही सांगणार.”

मग एर्मिलेने भरलेले शिंग उचलले, दोन्ही हातांनी सासऱ्यापुढे धरले आणि म्हणाला, “कॅप्टन, अलाव्हेर्दी तुमच्याकडे.”

कॅप्टनने शिंग घेतले. घेणारच होता. एर्मिलेच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले सगळ्यांना दिसले.

“वार्देन, हे धर जरा.” त्याने शिंग मुलाकडे दिले आणि कोट उचलून उन्हात धरला. बराच वेळ पाहिला. “छान शिवलाय. कोणी?”

“नाट्यगृहाचा शिंपी आहे, कॅप्टन. सगळ्यात चांगला.”

“दिसतंय. खांद्यावर गरुड आहेत. हे अ‍ॅडमिरलचे. मला बढती दिलीस, एर्मिले. कुठल्या नौदलात, तेवढं सांग.”

वार्देनच्या नाकातून वाइन बाहेर आली.

“आणि बटणांवरचे नांगर उलटे आहेत. असं जहाज मी कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वाचवायला गेलो असतो.” त्याने क्रॉसची पिन हळूच काढली. बोटांना सवय होती. क्रॉस त्याने देस्पिनेच्या हातात ठेवला आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटली. “हे होतं तिथं ठेव. बटणांत ते सुखी होतं.”

“मला एकदा तुम्हांला बघायचं होतं,” देस्पिने हळू आवाजात म्हणाली. “त्या कात्रीनंतर.”

“त्या कात्रीनं पाच माणसं जगवली,” तो म्हणाला, तेवढ्याच हळू. “माझ्या अंगावर त्या कोटानं एवढं काम कधी केलं नाही.”

तिने मूठ छातीशी धरली. तिला काय बघायचे होते ते तिला दिसले होते, कोटाशिवायच.

एर्मिलेचा चेहरा उतरला. लाकोंबने घड्याळाची साखळी चाचपली. पेलागियाने सुटकेचा श्वास टाकला आणि कोंबडीचा मोठा तुकडा स्वतःच्या ताटात घेतला. तिच्या मते लढाई संपली होती.

कॅप्टनने एलपिदेकडे पाहिले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. बापाचा नकार ती दोन्ही हातांनी जपून धरत होती, आणि तो धरताना तिचे काय सांडत होते ते तिला दाखवायचे नव्हते. आगीपासून वाचायला लांब राहता येते, त्याला वाटले. आगीतल्याला वाचवायचे तर लांबून पदक दाखवून भागत नाही. शेजारी जावे लागते.

“शिंग दे,” तो वार्देनला म्हणाला. “अलाव्हेर्दी माझ्याकडे आहे ना?”

“तुमच्याकडेच.”

“मग नियम काय आहे, अक्का?”

पेलागियाचा घास हातातच राहिला. नियम तिनेच त्याला शिकवला होता, सुप्साच्या काठी, आईच्या ताटाशेजारी बसवून. “शिंग ज्याच्या हातात, तो गाणं मागेल,” ती सावकाश म्हणाली. “मागेल ते टेबलानं म्हणायचं. आणि ज्याला जो सूर देईल तो त्यानं घ्यायचा.”

हा तो उरलेला अर्धा नियम.

“वल्हेकऱ्यांचं गाणं,” कॅप्टन म्हणाला. “वार्देन उचलेल. एलपिदे वर. खर्ज माझा.”

वार्देनने सुरई खाली ठेवली. 

“आणि मी?” एर्मिले म्हणाला.

“तू तामादा. तामादानं प्यायचं.”

“मलाकिया!” पेलागिया उभी राहिली. तिचे स्टूल मागे पडले. “तू शब्द दिला होतास.”

“दिला होता, अक्का.”

“नांगर टाकेन तेव्हा, म्हणाला होतास. मी ऐकलंय. मी शेजारी होते.”

“शब्द मी समुद्राला दिला होता. अकरा वर्षांत समुद्रानं एकदा तरी विचारलं का? ही विचारत नाहीये,” त्याने एलपिदेकडे बोट केले, “पण हिला खर्ज लागतोय.”

“म्हणजे आपण परत...” पेलागियाने वाक्य गिळले. इतक्या माणसांत ते पुरे करायचे नव्हते.

“खाली बस, अक्का. मोठी बहीण उभी असली की माझा सूर चढतो.”

ती बसली नाही. 

वार्देनने उचलले. वल्हेकऱ्यांच्या गाण्याला धड शब्द नाहीत. वल्हे पाण्यात जाताना आणि बाहेर येताना घशातून जे निघते तेच शब्द. दुसऱ्या ओळीला एलपिदे वर गेली, आणि तिसऱ्या ओळीला खालून तो आला.

एर्मिलेचा खर्ज खुर्चीसारखा होता. भक्कम, चारी पाय जमिनीवर; एलपिदे सहा वर्षे त्याच्यावर निवांत बसून गायली होती. हा खर्ज बोटीच्या डेकसारखा होता. पायाखालून हलायचा, कलायचा, तिला वाटे आता पडले, आणि नेमक्या त्या क्षणाला वर येऊन तिला उचलून धरायचा. सुरुवातीला तो गंजलेला होता, अकरा वर्षांची धूळ झाडत आला. दुसऱ्या फेरीला मोकळा झाला. तिसऱ्या फेरीला एलपिदेने अशी गिरकी घेतली जी तिने आधी कधी घेतली नव्हती, कारण त्यातून खाली उतरायला जागाच नसे. आज जागा होती. बापाकडे बघून ती गातागाता हसली. देस्पिने मुठीत क्रॉस घेऊन बसली होती आणि तिला नवरा पूर्ण उंचीचा दिसत होता.

गाणे संपल्यावर लाकोंबने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने रुमाल काढून आधी कपाळ पुसले, मग घाईघाईने डोळे. धंद्यातला माणूस, क्रम चुकू दिला नाही.

“मस्य ल कापितेन,” तो म्हणाला, “तुम्ही रोज असं गाल?”

कॅप्टनने नौदलाच्या शाळेतल्या ताठ फ्रेंचमध्ये उत्तर दिले. “गाईन. काळ्या साध्या कोटात. क्रॉस घरी राहील.”

“निदान जाहिरातीवर ‘कॅप्टन’ एवढा शब्द?”

“उरुशाद्झे लिहा. मी समुद्रावर होतो हे ज्याला कळायचं त्याला खर्जावरून कळेल.”

“आणि ज्याला कळणार नाही त्याला?”

“त्याच्याकडून तिकिटाचे पैसे जास्त घ्या.”

लाकोंब इतका हसला की साखळी सुटली. कागद त्याच टेबलावर झाले. पेल्यातले पाणी कधीच झाडाला गेले होते, पण टेबल अजून सरळ होते.

त्यानंतर एर्मिलेच्या ध्यानात आले. आमच्या गाण्यात तीन सूर, आणि एका सुराला एक घसा. तिघांच्या जागी तिघेच जातात.

“म्हणजे मी जाणार नाही,” तो म्हणाला. शिंग त्याच्या हातात रिकामे होते. तामादाचे कर्तव्य त्याने चोख बजावले होते.

“भाऊजी, तुम्हीच म्हणालात ना, टाळ्या आडनावाला असतात,” वार्देन म्हणाला.

“गप रे,” एलपिदेने भावाला दटावले. ती नवऱ्याजवळ गेली. “मला का नाही सांगितलंस?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते.”

“मग? अमेरिका मिळाली की नाही? मीच जमवलं की नाही?” एर्मिलेच्या आवाजात लोणी आणि वाइन दोन्ही विरघळले होते, पण मान त्याने वर ठेवली होती. “म्हातारा गायला, एलपिदे. अकरा वर्षांत कोणाला जमलं नाही. मी शिंग दिलं.”

ही गोष्ट खरी होती आणि ती कोणीच नाकारली नाही. कॅप्टन मागे उभा राहून ऐकत होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने जावयाकडे माणसाकडे बघावे तसे पाहिले.

“रंगमंचावर पहिल्यांदा येऊन कोण कुठलं गाणं गातंय हे सांगायला माणूस लागेल,” तो म्हणाला. “बोलायला तुला येतं. आमच्यापैकी कोणाला येत नाही.”

“आणि घालू काय?” एर्मिलेने विचारले.

 सगळ्यांच्या नजरा पुठ्ठ्याच्या पेटीकडे गेल्या.

“बाही दोन बोटं आत घेते,” देस्पिने म्हणाली. “खांदे तर तुला भरणारच नाहीत. पण गरुड आहेत ना, दिसतील.”

*

आता जमाखर्च.

लाकोंबला हवे होते त्याहून चांगले मिळाले, आणि ते त्याने स्वतःच्या पारखीच्या नावावर घातले. एलपिदेला अमेरिका मिळाली, आणि खालून वर येणारा तो डेकही. वार्देनला आयुष्यभर सांगायला मेहुण्याचा एक किस्सा मिळाला. एर्मिलेने खर्ज दिला, अ‍ॅडमिरलचा कोट घेतला. कडीची खोली मिळाली, पण भिंतीपलीकडे सासूबाईंच्या जागी सासरेबुवा आले. देस्पिने क्रॉसपाशी मागे राहिली आणि तिने तक्रार केली नाही. कॅप्टनने शब्द मोडला. त्याची किंमत त्याने भरली असे सगळे म्हणाले, तोही तसेच समजला. पण मोडलेला शब्द ज्याने दिला त्यापेक्षा ज्याने त्यावर घर बांधले त्याला महाग पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेलागियाने देस्पिनेकडे कुदळ मागितली. आज ना उद्या परत जायचेच, तेव्हा परक्याच्या मातीत काही लावायचे नाही, असा तिचा बाणा. अकरा वर्षांत तिने खिडकीतल्या डब्यात कोथिंबीरसुद्धा पेरली नव्हती.  ती कुंपणाजवळच्या पॉप्लरच्या बुंध्याशी गेली आणि खणू लागली. कॅप्टन धावत आला.

“अक्का, दे इकडे. काय लावतेस?”

“द्राक्षाची वेल. आपल्याकडे झाडावर चढवतात तशी.” तिने कुदळ दिली नाही. “काल खालचा सूर कुठं शिकलास?”

“तुझ्याजवळच.”

“हं. तिसऱ्या फेरीला आपल्या बापापेक्षा चांगला लागला.” ती वाकली, मातीचे ढेकूळ हाताने फोडले, वास घेतला आणि नाक मुरडले. “फळ धरायला तीन वर्षं लागतील.”

 तीन वर्षे इथे, हे तिच्या तोंडून निघाले होते.

“बाजूला हो,” ती म्हणाली. “उन्हात उभा राहू नकोस. आवाज बसेल.”